कुंडीतली जास्वंद उन्हाने सुकतेय: पाणी वाढवू की थांबवू?

पडवी
ठिकाण गुहागर, किनाऱ्यापासून साधारण अर्धा किलोमीटर. गावठी तांबडी जास्वंद, एकेरी फुलाची, वय ३ वर्षं. १२ इंची काळी प्लॅस्टिकची कुंडी, पश्चिमेकडच्या उघड्या गच्चीवर. मार्चअखेरपर्यंत रोज ४-५ फुलं होती. आता खालची पानं पिवळी होऊन गळतायत, उरलेल्या पानांच्या कडा तपकिरी, आणि कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की पडतायत. विहिरीचं पाणी सकाळ-संध्याकाळ एकेक लिटर चालू आहे. दहा दिवसांपूर्वी मूठभर डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट, दाणेदार रासायनिक खत) घातलं, त्यानंतर जास्तच बिघडलं. काय करावं?

चिरेबंदी
आधी पाण्यात काहीच बदल करू नका. झाड किती वाजता मान टाकतं ते दोन दिवस बघा, निम्मं निदान त्यातच होतं.

दुपारी दोनला पानं लोंबली आणि सूर्य कलल्यावर, पाणी न घालताही, परत ताठ झाली तर मुळं जिवंत आहेत. पानांतून जितकं पाणी उडतंय तितकं मुळं त्या घडीला वर चढवू शकत नाहीत, एवढंच. त्यावर दुपारी तांब्याने पाणी ओतणं हा उपाय नव्हे. पण सकाळी सहाला, गारव्यात, पानं मलूल असतील तर दुखणं मुळात आहे. मग बोट दोन पेरं मातीत घाला. खाली कोरडं लागलं तर तहान, ओलं लागलं तर कूज किंवा क्षार. ओल्या मातीत मलूल उभ्या असलेल्या झाडाला आणखी पाणी घालणं हीच उन्हाळ्यात जास्वंदी मरण्याची सगळ्यात मोठी वाट आहे.

फांदी जिवंत आहे का हे नखाने बघा. साल किंचित खरवडायची. खाली पोपटी ओलसर रंग दिसला तर फांदी ठेवा, तपकिरी आणि कोरडी निघाली तर तिथून दोन बोटं खाली परत खरवडा. हिरवं लागेपर्यंत असंच खाली यायचं. बुंध्याशीसुद्धा हिरवं लागलं तरी झाड परत येतं, हे लक्षात असू द्या.

आगरवाट
कडा तपकिरी आहेत म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा संशय आधी घ्या. समुद्राजवळच्या, खाडीलगतच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये खाली जातं आणि मचूळ होत जातं. चवीला कळायच्या आधी झाडाला कळतं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ते मोजणारा मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो पाण्यात बुडवून पीपीएमचा आकडा बघा. ५०० च्या आत असेल तर निर्धास्त घाला. ५०० ते १००० मध्ये चालवून घेता येतं, पण दर वेळी कुंडीच्या भोकातून पाणी वाहून गेलं पाहिजे. १००० च्या वर असेल तर कुंडीतल्या जास्वंदीला ते रोजचं पाणी नको.

तुम्ही एकेक लिटर दोनदा घालताय. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती मावते. एक लिटरने वरचा थर भिजतो, खाली काही पोचत नाही, भोकातून काही निघत नाही. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. दोन महिन्यांत कुंडी म्हणजे छोटं मिठागर होतं. काठावर आणि मातीवर पांढरी पापडी धरली आहे का बघा.

आणखी एक खूण. फक्त समुद्राकडच्या बाजूची पानं करपली असतील तर तो वाऱ्यातून येणारा खारा तुषार, तो पहाटे गोड्या पाण्याने पानं धुतली की सुटतो. चारी बाजूंनी सारखीच करपली असतील तर मीठ मुळातून चढतंय.

पडवी
बघितलं. दुपारी लोंबते, संध्याकाळी सातपर्यंत बरीचशी सावरते. सकाळी शेंड्याची पानं ताठ असतात. टीडीएस ११५०. काठावर पांढरी पापडी आहे, नखाने निघते. करपणं चारी बाजूंनी. डीएपीचे थोडे दाणे अजून मातीवर दिसतायत. कुंडीला दुपारी हात लावला तर चटका बसतो.

चिरेबंदी
म्हणजे मुळं शाबूत आहेत आणि त्रास तीन ठिकाणांहून आहे: तापलेली कुंडी, पाण्यातलं मीठ, डीएपी. तिन्ही मुळांपाशीच लागतात, म्हणून वर फवारे मारून काही साधणार नाही.

आज संध्याकाळी ऊन उतरल्यावर कुंडी गच्चीवरून हलवा. सकाळी दहापर्यंतचं कोवळं ऊन आणि नंतर उघडी सावली अशी पूर्वेची जागा हवी. घरात नेऊ नका, अंधारात उरलेली पानंही गळतील. जड असेल तर गोणपाटावर ठेवून ओढा. बुंधा धरून उचलू नका, बारीक मुळं तुटतात.

मग वरची अर्धा-पाऊण इंच माती डीएपीच्या दाण्यांसकट खरवडून काढून टाका. ती दुसऱ्या कुंडीत घालू नका.

उद्या सकाळी सहा-सातला कुंडी धुवायची. मातीच्या दुप्पट पाणी, म्हणजे तुमच्या कुंडीला ३० लिटर, चार हप्त्यांत, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं थांबून. पहिले हप्ते विहिरीच्या पाण्याचे चालतील, कारण साठलेलं मीठ त्या पाण्यापेक्षा कितीतरी तीव्र आहे. शेवटचे १० लिटर मात्र गोडे हवेत, नळाचे किंवा कमी टीडीएसचे. भोकातून सुरुवातीला चहासारखं गडद पाणी येईल, शेवटी बऱ्यापैकी नितळ. भोकं बुजली असतील तर खालून जाड तारेने मोकळी करा. कुंडी जमिनीला टेकलेली ठेवू नका, जांभ्याचे किंवा विटेचे तीन तुकडे खाली द्या.

यानंतर तीन दिवस पाणी नाही, माती वरून इंचभर सुकेपर्यंत. पुढे सकाळी एकदाच, पण २ ते ३ लिटर, भोकातून वाहीपर्यंत. संध्याकाळी बोट घालून कोरडं लागलं तरच परत. तीन-चार आठवडे कसलंही खत नाही, शेणखतसुद्धा नाही.

मोगरी
एक भर. कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा) जास्त असलेली कुंडी एकदा पूर्ण वाळली की पाणी धरतच नाही. वरून ओतलेलं पाणी माती आणि कुंडीच्या मधल्या फटीतून सरळ खाली निघून जातं, आपल्याला वाटतं छान निचरा झाला, आणि आतला गोळा कोरडाठाक. कुंडी उचलून बघावी, पाणी घातल्यावरही हलकी लागली तर हाच प्रकार. अशी कुंडी टबात ठेवून बाहेरून दोन तृतीयांश उंचीपर्यंत पाणी भरायचं. बुडबुडे येत राहतात, ते थांबले की, साधारण ३०-४५ मिनिटांनी, बाहेर काढून पूर्ण निथळू द्यायची. धुवायच्या आधी हे करावं, नाहीतर ३० लिटर पाणी फटीतूनच जाईल.

कोकोपीट आणलंत की तेही आधी धुवा. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर त्यात मीठ असतं. साडेसहाशे ग्रॅमची वीट चार-पाच लिटर पाण्यात फुगवा, पिळा, पाणी फेका, असं तीनदा.

पातेरा
कुंडीच्या तापण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक झाडावर सावली करतात आणि कुंडी उन्हात ठेवतात.

हवामान खातं किनारपट्टीवर कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल तेव्हा उष्णतेची लाट धरतं. आपल्याकडे अशा दिवशी घाटाकडचा कोरडा वारा जोरात असतो आणि खारा वारा उशिरा येतो. एरवीची दमट हवा त्या काही तासांत कोरडी होते, पानांतून पाणी झपाट्याने उडतं. हे हवेचं झालं. पण काळ्या कुंडीच्या ऊन लागणाऱ्या बाजूची माती त्याहून बरीच जास्त तापते, ४५ च्याही पुढे जाऊ शकते. जास्वंदीची पाणी पिणारी बारीक मुळं नेमकी कुंडीच्या भिंतीला चिकटून वाढलेली असतात, ती भाजतात. म्हणून ओली माती असूनही झाड तहानलेलं राहतं.

सोपा उपाय म्हणजे कुंडीत कुंडी. १२ इंची कुंडी १६ इंचीत ठेवायची, खाली चिऱ्याचे तुकडे, मधल्या फटीत सोडणांचे तुकडे किंवा काथ्या भरायचा. मोठी कुंडी नसेल तर दुहेरी गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधा आणि सकाळी व दुपारी बाराला ते भिजवा. पाणी उडताना कुंडी गार होते. काळ्या कुंडीला बाहेरून चुना मारला तरी खूप फरक पडतो. कुंड्या सुट्या सुट्या ठेवण्यापेक्षा घोळक्याने ठेवा, जास्वंद मधे.

पश्चिमेला विणलेल्या झावळ्यांचा झाप उभा बांधायचा. ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळीही चालते, पण ती झाडापासून हातभर दूर आणि वर-खाली मोकळी हवी. झाडाला लपेटली तर आत वाफ कोंडते. मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून दमटपणा टिकवायचा सल्ला फिरत असतो. आपल्या उन्हाळ्यात तो नको, पाच-सहा तासांत पानं उकडून निघतात.

मातीवर पातेऱ्याचा दोन इंच थर द्या. आंबा, फणस, काजू कसलाही वाळका पाला हाताने चुरून. बुंध्याभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर साल कुजते. धुण्याचं काम झाल्यावरच पातेरा घाला. आधी घातलात तर पापडी दिसणारच नाही.

आगरवाट
आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीला जोडलेल्या पाइपचं पहिलं पाणी बादलीत काढा. दुपारी-संध्याकाळी ते चहाच्या पाण्यासारखं येतं. ते थेट मुळांवर नको.

गोड्या पाण्याची टंचाई असेल तर एसीचं ठिबकणारं पाणी साठवा. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि आपल्या दमट हवेत ते भरपूर निघतं. मचूळ पाण्यात निम्मं मिसळलं की टीडीएस जवळपास निम्म्यावर येतो. घरात पाणी मऊ करणारं यंत्र असेल तर त्याचं पाणी मात्र झाडाला घालू नका, त्यात सोडियम वाढलेलं असतं. बर्फातले मासे धुतलेलं पाणीही उन्हाळाभर बंद. त्यात मीठ येतंच, शिवाय मुंग्या.

कोंडकर
माझा प्रश्न थोडा वेगळा. नवी पानं फिकट पिवळी, शिरा हिरव्या. कुंडी नवी सिमेंटची. जांभ्याच्या तांबड्या मातीत तर लोह भरपूर असतं ना?

मोगरी
असतं, पण झाडाला उचलता आलं पाहिजे. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि जास्वंदीला तेच मानवतं, सामू (पीएच) ६ ते ६.८ च्या आसपास. नव्या सिमेंटच्या कुंडीतून चुना सुटतो, कठीण पाण्यातूनही येतो, सामू चढतो आणि असलेलं लोह मातीतच अडकतं. वर कोणी अंड्याच्या टरफलांचा चुरा घातला असेल तर आणखी भर. तो आधी थांबवा.

तात्पुरतं म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) २ ग्रॅम एक लिटर पाण्यात, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस बघा. दहा दिवसांनी परत. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए स्वरूपातलं चिलेटेड लोह घ्या, ते जास्त सामूतही काम करतं. ईडीटीए स्वरूपातलं तिथे टिकत नाही. पिवळी झालेली जुनी पानं हिरवी होतीलच असं नाही, पुढची फूट बघायची. सिमेंटची कुंडी पुढच्या वेळी आठवडाभर पाण्याने भरून ठेवा, रोज पाणी बदलत, मग माती भरा.

पडवी
कुंडी धुतली. पहिलं पाणी खरंच गडद होतं. मोगरीताई, आधी टबात ठेवली ते बरं झालं, पंचवीस मिनिटं बुडबुडे येत होते. आता पानं आणखी गळतायत, ८-१० रोज. छाटू का? निम्मं झाड कमी केलं तर मुळांवरचा भार कमी होईल ना?

चिरेबंदी
नको. हलवल्यावर आठवडाभर पानगळ होतेच. आता हिरव्या फांद्या छाटल्या तर झाड उरलीसुरली साठवण खर्चून कोवळी फूट काढेल आणि ती फूट मेच्या उन्हात करपेल. शिवाय उघडी पडलेली साल भाजते. फक्त नखाने तपासून मेलेलं लाकूड काढा, आणि धरलेल्या सगळ्या कळ्या खुडा. कळ्या खुडायला जीवावर येतं, पण प्रत्येक फूल झाडाला महागात पडतं आणि ३५ अंशांच्या पुढे फूल लहान आणि फिकटच येतं.

झाप
इथे मी थोडा असहमत. सरसकट छाटणी नको हे बरोबर, पण मुळं कुजलेली असतील तर वरून कमी करावंच लागतं. ज्यांची झाडं सकाळीसुद्धा मलूल आणि माती ओली, त्यांच्यासाठी लिहितो.

संध्याकाळी कुंडी आडवी करून गोळा बाहेर सरकवा. आंबूस, गटारासारखा वास आला तर कूज नक्की. एक तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढा. कुजलेल्या मुळाची साल मोज्यासारखी हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. चांगलं मूळ पांढरं किंवा फिकट पिवळं, ओढलं तर ताण धरतं. कुजलेलं सगळं धारदार कात्रीने चांगला भाग लागेपर्यंत कापा, दर कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक अडीच ग्रॅम लिटरला, त्यात मुळं दहा मिनिटं बुडवा. हातमोजे घाला. ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) द्यायचा असेल तर ताम्रयुक्त औषधानंतर किमान पंधरा दिवसांनी, नाहीतर औषध त्या बुरशीलाच मारतं.

कुंडी लहान घ्या, उरलेल्या मुळांपेक्षा चारी बाजूंनी दीड-दोन इंच मोठी, बस. मोठ्या कुंडीत न वापरली जाणारी माती ओली राहते आणि कूज परत लागते. मातीचं माप: तांबडी माती २ भाग, धुतलेलं कोकोपीट १, जुनं भुसभुशीत गांडूळखत १, भाताचं तूस किंवा नदीची जाडी वाळू १. नुसती तांबडी माती कुंडीत भरू नका, चार शिंपण्यांत ती विटेसारखी बसते. समुद्राची वाळू कधीच नको. मुळं जितकी गेली साधारण तितक्या प्रमाणात वरची फांदी कमी करा, बाहेरच्या दिशेला असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर, तिरका काप. पंधरा दिवस पूर्ण सावली.

चिरेबंदी
कुजलेल्या झाडापुरतं मान्य. पडवीताईंच्या झाडाला मात्र हे करू नये, चांगला गोळा मेमध्ये फोडणं म्हणजे झाडावर दुसरा घाव.

कोंडकर
कळ्या गळण्याचं कारण नेहमी ऊनच का?

पातेरा
नाही. पडलेली कळी ब्लेडने उभी चिरून बघा. आत पांढुरक्या बारीक अळ्या वळवळताना दिसल्या, कधी उडीही मारतात, तर ती कळीतली माशी. अळी कळी खाऊन मातीत उतरते आणि तिथे कोष करते, म्हणून पडलेल्या कळ्या रोज वेचा, पिवळी पडणारी कळी झाडावरूनच काढा, सगळ्या घट्ट बांधलेल्या पिशवीत भरून उन्हात ठेवा. कंपोस्टमध्ये टाकू नका. कळी आतून स्वच्छ निघाली तर ऊन किंवा पाण्याची अनियमितता.

शेंडे गुच्छासारखे आखडले आणि कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. मुंग्या त्यांचा गोड चिकटा खायला येतात आणि त्यांना राखतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा, कुंडीखालचे चिऱ्याचे तुकडे पाण्याच्या थाळीत ठेवा. पाणी कुंडीच्या बुडाला लागता कामा नये आणि दर दोन दिवसांनी बदला, डास होतात. आखडलेला शेंडा कापून टाका, बाकी कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसा. पानामागे बारीक जाळी आणि पान धुरकट ठिपक्यांचं झालं तर लाल कोळी. त्याला पहाटे पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा, तीन दिवस लागोपाठ.

कडुनिंबाचं तेल ५ मिली, द्रव साबण १-२ मिली, एक लिटर कोमट पाण्यात. सूर्य मावळल्यावरच, आणि तहानलेल्या झाडावर कधीच नाही. उन्हात तेलाचा थर पान भाजतो. आठवड्याने परत, असं तीन वेळा.

पडवी
१९ दिवस झाले. बुंध्याजवळ आणि जुन्या दोन फांद्यांवर डोळे फुटलेत, नवी पानं कोवळी पण कडा स्वच्छ. पाणी आता निम्मं एसीचं, टीडीएस ६०० च्या आत. खत कधी? आणि गच्चीवर परत कधी नेऊ? गणपतीला फुलं हवीत.

मोगरी
डोळे फुटले म्हणजे मुळं कामाला लागली. नवी पानं पूर्ण उघडून गडद होऊ द्या, मग पोटॅशियम नायट्रेट, १३-००-४५, लिटरला एकच ग्रॅम, आधी साधं पाणी घालून ओल्या मातीत, पंधरा दिवसांतून एकदा. डीएपीत स्फुरद (फॉस्फरस) ४६ टक्के असतं. जास्वंदीला स्फुरद फार थोडं लागतं, जास्त झालं की लोह आणि जस्त उचलणं अडतं. त्यामुळे तिला डीएपी आणि हाडांचा चुरा पुढेही नकोच. पाऊस लागल्यावर दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर नीमपेंड मातीत मिसळा.

चिरेबंदी
मे संपेपर्यंत आहे तिथेच ठेवा. छाटणी मृगाचा पाऊस लागून हवा गार झाली की करा, वरून एक तृतीयांश. फूल नव्या फुटीवरच येतं आणि छाटल्यापासून फुलापर्यंत साधारण दीड-दोन महिने लागतात, म्हणून जून उलटू देऊ नका. छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांचे ६ इंची तुकडे लावून ठेवा, वरची दोन पानं अर्धी कापून, तीन डोळे मातीत. मूळ झाडाला काही झालं तर हाती रोप राहतं.

आणि पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली येणार नाही असं बघा. रत्नागिरी पट्ट्यात वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर जातो, कौलांवरची धार एका कुंडीत पडली तर आठवड्यात मुळं कुजतात. पहिला मोठा पाऊस झाला की मातीवरचा पातेरा काढून टाका आणि गोणपाट सोडा.

पडवी
पागोळीची जागा लक्षात आली, सध्याची कुंडी बरोबर त्याच रेषेत आहे. दोन हात आत घेते.